धूळ जिथं उठते तिथंच धरायची



दिवेलागण झाली आहे. कुणी तांदूळ निवडत असाल, कुणी मुलांना अभ्यासाला बसवून रेडिओजवळ आला असाल. हातातलं काम चालू ठेवा. आज आम्ही बोलणार आहोत ते कामाविषयीच, आणि काम करताना आपल्या नाकातोंडात जे जातं त्याविषयी.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असतील. चितारआळीतल्या दुकानांतून लाकडाची रंगीत फळं मांडलेली असतात. लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटतात. पूर्वी या कामाला पांगाऱ्याचं लाकूड वापरत, हलकं आणि मऊ. आता आंब्याचं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ असं जे मिळेल ते वापरलं जातं. आमच्या गटातल्या बायका हेच काम करतात. लेथवर फळ उतरवायचं, मग ते घासून गुळगुळीत करायचं, मग त्यावर रंग. यातलं घासकाम एका मैत्रिणीच्या घरी, मागच्या पडवीत चालतं. पडवीला लागून स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दारात तिच्या नातवाची झोळी.

आधी आम्ही हातानं पॉलिश पेपर घासायचो. धूळ तेव्हाही व्हायची, पण ती मांडीवर पडायची. उठताना साडी झटकली की झालं. मग गटानं कर्ज काढून विजेची सँडर मशीन घेतली. दिवसाचं काम दोन तासांत व्हायला लागलं. आम्ही खूश. पण मशीन जेवढं वेगानं घासते तेवढीच धूळही वेगानं करते, आणि ती हातानं केलेल्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक असते. ती मांडीवर पडत नाही, हवेत राहते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल तपकिरी. आम्ही त्यावर हसायचो. म्हणायचो, आज चांगलं काम झालं.

चवथीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे कामाची गर्दी असते. तेच दिवस पावसाचे. झड आत येते म्हणून पडवीला ताडपत्री लावावी लागते. म्हणजे धुळीला बाहेर जायची वाटच नाही. अशाच एका पावसाळ्यात आमची एक मैत्रीण बैठकीत बोलता बोलता थांबली आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. तिचा श्वास वाजत होता, मांजर गुरगुरतं तसा. आम्ही विचारलं, कधीपासून? तेव्हा कळलं की असं दिवाळीपासून चाललंय. आठ-नऊ महिने ती रात्री उशा रचून, बसून झोपत होती.

मग आम्ही तिला विचारलं, अगं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही मला घासकाम दिलं नसतं. आणि नगावर सगळ्यांत जास्त पैसे घासकामालाच.

मैत्रिणींनो, ते ऐकून आम्ही गप्प झालो. कारण ती खरं बोलत होती. आम्ही तेच केलं असतं. तिच्या वाटणीचं काम दुसरीला दिलं असतं आणि वर म्हटलं असतं, तुझ्या तब्येतीसाठीच गं. धूळ तशीच राहिली असती, फक्त ती दुसरीच्या छातीत गेली असती.

तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरात काय काम करता? दम्याची सुरुवात आहे म्हणाले, पंप दिला. आणि सांगितलं की धूळ थांबली नाही तर औषध पुरं पडणार नाही.

त्या दिवसापासून आम्ही धुळीच्या मागे लागलो. जे शिकलो ते आज सांगतो.

आधी एक गोष्ट करून बघा. दुपारी कौलांच्या फटीतून किंवा खिडकीतून कवडसा येतो, तेव्हा काम झाल्यावर त्या उजेडाकडे बघा. जमीन झाडून झालेली असते, घर स्वच्छ दिसत असतं, पण कवडशात कण नाचताना दिसतात. जो भुसा जमिनीवर पडला तो फार त्रास देत नाही, तो जड असतो. नाकात गेला तर नाकातच अडकतो, शिंकेसरशी बाहेर येतो. त्रास देतात ते कवडशातले कण, आणि त्याहूनही बारीक, जे कवडशातही दिसत नाहीत. आपला डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या सातव्या भागाहून लहान, नाक-घसा ओलांडून खाली जाऊ शकतात. ते तासन्‌तास हवेत तरंगतात. आपण काम थांबवून जेवायला बसतो तेव्हाही ते ताटावर उतरतच असतात.

आणि लाकडाची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिनं दमा होतो, अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. जागतिक आरोग्य संघटनेची जी कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे, तिनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. हा कर्करोग नाकाच्या आतल्या पोकळीचा. घाबरून काम सोडा असं आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्या कामगारांत तो दिसला आहे. पण आमच्याही कितीतरी बायकांची वर्षानुवर्षंच तर होत आली.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा गटातली थोरली काकी म्हणाली, "आमचा सगळा आयुष्य ह्याच भुशात गेला, काय झाला आमका?" तिला उत्तर काय द्यायचं? तिच्याच घरी रात्री खोकल्याचा आवाज असतो. पण आम्ही वाद घातला नाही. तिला म्हटलं, काकी, आपण करून बघू, पटलं तर ठेवू.

पहिल्यांदा आम्ही चुकलोच. तीन चुका केल्या.

पहिली चूक, पडवीत एक्झॉस्ट पंखा लावला. पंखा भिंतीत वर, आणि धूळ उठते हातात, कमरेच्या उंचीवर. म्हणजे धूळ हातातून उठून आमच्या तोंडासमोरून जाऊन मग पंख्याकडे जायची. घर थोडं स्वच्छ झालं, छाती नाही. शिवाय पंख्याचं तोंड शेजारच्या खळ्याकडे होतं. त्यांच्या वाळत घातलेल्या सोलांवर भुसा बसला आणि भांडण झालं ते वेगळंच.

दुसरी चूक, ओढणी. तोंडाला ओढणी बांधली की आपल्याला वाटतं बंदोबस्त झाला. ओढणीच्या विणीतून भुसा अडतो, बारीक धूळ आरपार जाते.

तिसरी चूक, घरात झाडायचा छोटा व्हॅक्युम क्लीनर आणून सँडरला जोडला. दहा मिनिटांत त्याचा फिल्टर गच्च भरला, ओढ संपली, आणि मशीन तापून बंद पडली.

या तिन्ही चुकांतून एकच गोष्ट कळली. धूळ एकदा हवेत पसरली की तिला कुणी धरू शकत नाही. ती जिथं उठते तिथंच, उठताक्षणीच धरायची. चुलीचा धूर घरभर झाल्यावर दारं उघडण्यापेक्षा चुलीवरच धुराडं बसवायचं, तसं.

आता आमच्या पडवीत काय आहे ते सांगतो. चार वस्तू आहेत. सँडर, नळी, झाकणाची बादली आणि व्हॅक्युम.

व्हॅक्युम घेताना ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, पिंपासारखा असतो तो घ्या. घरगुती छोटा नको. सँडरला मागे धूळ बाहेर पडायचं तोंड असतंच, तिथं नळी बसवायची. आमची नळी आणि सँडरचं तोंड यांचं माप जुळत नव्हतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. अजून पक्का आहे. नळी हवी तेवढीच लांब ठेवा, आणि तिला वळणं कमी द्या. प्रत्येक वळणावर ओढ कमी होते आणि भुसा साचतो.

सगळ्यांत महत्त्वाची ती बादली. सँडर आणि व्हॅक्युम यांच्या मधे, घट्ट झाकणाच्या बादलीवर नरसाळ्यासारखं एक प्लॅस्टिकचं यंत्र बसवायचं. त्याला सायक्लोन म्हणतात. त्यात मोटर नाही, वीज नाही. हवा त्यात बाजूनं शिरते आणि गोल गोल फिरते. जातं फिरताना पीठ कसं बाहेरच्या कडेला फेकलं जातं, तसे हवेतले जड कण फिरता फिरता कडेला जातात आणि घसरत खाली बादलीत पडतात. हलकी हवा मधून वर निघून व्हॅक्युमकडे जाते. बहुतेक भुसा बादलीतच राहतो, त्यामुळे फिल्टर लवकर भरत नाही आणि ओढ टिकते. आधी दहा मिनिटांत बंद पडणारं काम आता दिवसभर चालतं.

बादली मात्र जाड घ्या. आम्ही आधी पातळ घेतली होती. नळीत एक ढलपी अडकली, आणि व्हॅक्युमच्या ओढीनं बादली सगळ्यांसमोर आत चेपली. आता रंगाची जुनी, जाड बादली आहे. झाकण आणि सांधे एमसील लावून बंद केले आहेत. सांध्यातून हवा आली तर तेवढी ओढ वाया जाते आणि बादलीत पडलेली धूळ पुन्हा उडून फिल्टरकडे जाते.

व्हॅक्युम आम्ही पडवीच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली ठेवला आहे. कारण त्याचा साधा फिल्टर सगळ्यांत बारीक धूळ पूर्ण अडवत नाही. तो घरात ठेवला तर एका बाजूनं ओढलेली धूळ दुसऱ्या बाजूनं घरातच फुंकेल. हेपा फिल्टर मिळाला तर उत्तम, पण तोही वेळच्या वेळी बदलावा लागतो. बाहेर ठेवताना त्याचं तोंड शेजाऱ्यांच्या दाराकडे आणि विहिरीकडे नको. सोलांचं भांडण आम्ही विसरलेलो नाही.

छोट्या नगांना काही वेळा हातानंच घासावं लागतं. त्यासाठी आम्ही प्लायवूडची तीन बाजूंनी बंद, वरून झाकलेली पेटी केली. समोरून हात आत घालायचे. पेटीच्या मागच्या बाजूला भोक पाडून तिथं नळी लावली. पेटी लहान हवी, दोन हात आणि एक नग मावेल एवढीच. मोठी केली की आमच्या व्हॅक्युमची ओढ पुरत नाही. ओढ पुरते की नाही हे बघायला उदबत्ती वगैरे पेटवू नका, भुशाजवळ विस्तव नको. शिवणाचा एक दोरा धरा. दोरा पेटीच्या तोंडाशी आत झुकला तर ओढ आहे. सरळ लोंबत राहिला तर नळी, फिल्टर, बादली तपासा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा सरंजाम सँडरसारख्या हातातल्या यंत्राला पुरतो. व्हॅक्युम जोरानं ओढतो, पण अरुंद नळीतून थोडीच हवा ओढतो. मोठा लेथ, रंधा मशीन यांना पुष्कळ हवा ओढणारा मोठा ब्लोअर आणि चार इंची पाइप लागतो. आमच्या लेथला तो अजून नाही. म्हणून लेथ आम्ही खळ्यात, मांडवाखाली मोकळ्या हवेत ठेवला आहे, आणि वारा पाठीकडून येईल अशी बसायची जागा केली आहे. त्यामुळे भुसा तोंडावर न येता पुढे जातो. लेथवर बसणारी मास्क लावूनच बसते.

मास्क म्हणजे एन ९५. अगदी बारीक कणांपैकीही निदान ९५ टक्के तो अडवतो, पण तोंडाला चिकटून बसला तरच. गालाशी फट राहिली तर हवा फटीतूनच जाते. नाकाजवळची पट्टी दाबून घ्या. मास्क हा शेवटचा पहारेकरी. आधी धूळ धरायची, मग उरलेल्या धुळीसाठी मास्क.

आता सवयी. यंत्रापेक्षा त्याच अवघड.

पडवीत आम्ही केरसुणी बंद केली. केरसुणीनं बसलेली धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्यानं पुसायचं, किंवा व्हॅक्युमनं ओढायचं. फुंकर मारायची नाही. कामाचा गाऊन वेगळा, तो घरात आणायचा नाही, बाहेर वाऱ्याची दिशा बघून झटकायचा. काम संपल्यावर व्हॅक्युम आणखी थोडा वेळ चालू ठेवायचा. बादली अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही. बादली आणि फिल्टर बाहेर, मास्क लावून रिकामे करायचे. झोळी पडवीच्या दारातून हलवून ओटीवर नेली. हे शेवटचं काम करायला एक पैसा लागला नाही, आणि ते आम्हाला सगळ्यांत शेवटी सुचलं, याची लाज वाटते.

भुशाचं काय करायचं? जाड, कोरा लाकडी भुसा भुशाच्या शेगडीला चालतो, आधी ठासून भरायचा. पण बादलीतली बारीक पूड पेटत्या चुलीत कधीही ओतू नका. ती हवेत उडते आणि एकदम भडका होतो. एमडीएफ आणि प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, रंगीत नगाच्या भुशात रंग असतो. तो भुसा चुलीतही नको आणि कोंबड्यांखालीही नको. आम्ही तो पोत्यात वेगळा बांधतो.

आणि वीज. सँडर, व्हॅक्युम आणि पंखा एकाच एक्स्टेंशनवर लावू नका. वायरमनला बोलावून पडवीला अर्थिंग असलेला वेगळा बोर्ड करून घ्या. कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकच्या नळीला हात लागला की झिणझिणी येते. त्यासाठी नळीवरून एक उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडतात. हेही वायरमनकडूनच करून घ्यायचं.

खर्च विचाराल. व्हॅक्युम, सायक्लोन, नळी, पेटी, वायरमन मिळून आम्हाला दहा हजारांच्या आत पडला. बैठकीत प्रश्न आला, हे कुणाच्या नावावर? काम एकीच्या पडवीत, मग कर्ज तिनंच काढायचं का? यावर दोन बैठका गेल्या. शेवटी ठरलं, धूळ कामाची आहे, तर तिचा खर्चही कामाचा. अंतर्गत कर्ज गटानं घेतलं, आणि नगाचा दर ठरवताना लाकूड, रंग, वीज यांच्याबरोबर धुळीचाही एक छोटा वाटा धरला. त्यातून हप्ते फिटले. आपण दशसूत्री म्हणतो, त्यात आरोग्याची काळजी घेणं हेही एक सूत्र आहे. बचत आणि परतफेड आम्ही वहीत लिहीत होतो. आरोग्याच्या नावानं वहीत एक ओळ नव्हती. आता दर बैठकीत हजेरीनंतर एक प्रश्न विचारतो, कुणाला खोकला, दम, डोळ्याला त्रास? आणि जी हात वर करील तिचं काम कमी होणार नाही, असा ठराव लिहून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. कुणाला घासकाम झेपेनासं झालं तर तिला तेवढ्याच पैशांचं रंगकाम द्यायचं.

आमच्या मैत्रिणीचं काय झालं? ती पूर्ण बरी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. थंडीत तिला अजून पंप लागतो. पण आता ती आडवी होऊन झोपते. घासकाम तिनं स्वतःहून सोडलं, रंगाचं घेतलं, आणि तिच्या हातच्या आंब्यावर लाली अशी उतरते की गिऱ्हाईक तोच आधी उचलतं. थोरल्या काकीनं मात्र घासकाम सोडलेलं नाही. महिनाभरानं ती बैठकीला आली, पदराची गाठ सोडली, रुमाल काढून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "ह्या बघा, शेंबडात भुसो नाय." आमच्या कामाला एवढं चांगलं प्रमाणपत्र दुसरं कुणी दिलेलं नाही.

ऐकणाऱ्यांत मिरची कांडणाऱ्या मैत्रिणी असतील, पिठाची गिरणी चालवणाऱ्या असतील, उदबत्ती वळणाऱ्या असतील. तुमची धूळ वेगळी आहे, यंत्रंही वेगळी लागतील. आमची बादली उचलून तुमच्या गिरणीला लावा असं आम्ही सांगत नाही. जाणकाराला विचारून करा. पण तीन प्रश्न सगळ्यांचे सारखेच आहेत. आपली धूळ नेमकी कुठून उठते? ती आपल्या तोंडासमोरून जाण्याआधी धरता येईल का? आणि आपल्या गटात कुणी काम जाईल या भीतीनं खोकला लपवतंय का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कवडशात बघून मिळतील. तिसऱ्याचं उत्तर येत्या बैठकीत, चहा झाल्यावर, एकमेकींकडे बघून विचारा. आम्ही आठ-नऊ महिने उशिरा विचारलं. तुम्ही उशीर करू नका.